जुन्या घराचे खांब पुन्हा उभे करताना

मार्च लागला की गावोगावची जुनी घरं उतरायला लागतात. वाटण्या झालेल्या असतात, स्लॅबच्या घराचा नकाशा तयार असतो आणि पावसाआधी पाया भरायची घाई असते. मग जेसीबी येतो. तीन पिढ्यांचं वजन पेललेला सागाचा खांब अर्ध्या दिवसात मधोमध मोडून ढिगाऱ्यात पडतो आणि जळाऊ लाकडाच्या भावाने वखारीत जातो. तोच खांब अख्खा उतरवला तर अजून कित्येक वर्षं घराच्या, गोठ्याच्या, परसाच्या कामाला येतो. हे नुकसान टाळणं आपल्या हातात आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. जुन्या खांबाची किंमत त्याच्या लांबीत असते. आठ फुटी खांबातून दोन फुटांची चार स्टुलं केव्हाही निघतील. चार स्टुलांतून खांब निघणार नाही. म्हणून पहिला विचार करायचा तो खांब खांब म्हणूनच उभा करण्याचा. तसं काम नसेल तर तो आडवा घालून तुळई करता येते का ते पाहायचं. त्यानंतर बाक, घडवंची, फळ्या. करवत लावायची ती ज्याचा एखादा भाग कुजला, चिरला किंवा वाळवीने खाल्ला आहे अशाच खांबाला. सजावटीच्या मासिकांत खांब कापून केलेली टेबलं आणि दिव्यांचे स्टँड दिसतात. दिसायला ती देखणी असतात, पण धडधाकट सागाचा खांब त्यासाठी तोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उतरवताना

घर ज्या क्रमाने चढलं त्याच्या उलट्या क्रमाने उतरवायचं. आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं, त्यानंतर तुळया आणि सगळ्यात शेवटी खांब. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात याआधी आणखी एक काम असतं, ते म्हणजे छतावरची माती. कड्या आणि किलचांवर पसरलेल्या या पांढऱ्या मातीवर वर्षानुवर्षं नवे थर चढत गेलेले असतात आणि तिचं वजन पाहणाऱ्याच्या अंदाजात येत नाही. ती पूर्ण खाली घेतल्याशिवाय एकाही खांबाला हात लावायचा नाही. भिंत पाडतानाही तुळईखाली तात्पुरते टेकू हवेत. हे काम जुनी घरं उतरवलेल्या सुताराच्या देखरेखीखालीच करा. मजुरी वाढेल, पण ती वाचलेल्या लाकडात वसूल होते.

या जुन्या बांधणीची ताकद कुठे होती, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दिसलं. दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि त्यांनीच माणसं गाडली. पण कित्येक घरांत खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. खांबाच्या डोक्यावरची कूस, तुळईतली खाच आणि त्यांना आरपार धरून ठेवणारी लाकडी खुंटी यांनी हा सांगाडा एकत्र बांधून ठेवलेला असतो. म्हणून जोड सोडवताना करवतीने कापून मोकळे होऊ नका. खुंटी बारीक टोकाकडून ठोकून मागे काढा, तुळईखाली लाकडी ठोकळा धरून ती खालून हळूहळू वर उचला. कूस शाबूत राहिली तर तोच जोड नव्या जागी पुन्हा बसतो आणि लोखंडी पट्ट्या-बोल्टांचा खर्च वाचतो.

प्रत्येक खांबावर तेलरंगाने आकडा टाका आणि त्याच्या डोक्यावर बसणाऱ्या तुळईच्या टोकावरही तोच आकडा घाला. खडूने लिहिलेलं पहिल्या पावसात जातं. सगळा सोपा किंवा सगळी ओसरी तशीच दुसरीकडे उभी करायची असेल तर मोबाइलवर चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. अख्खी वास्तू अशी दुसरीकडे जुळवता येते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात आणून पुन्हा मांडले, ते आजही पाहायला मिळतात.

खांबाबरोबर त्याच्या बुडाखालचा दगडी तळखडाही मागून घ्या. पाडणारे लोक तो दगड म्हणून भरावात टाकतात. पुढे तो किती उपयोगी पडतो ते सांगणारच आहे.

साग आणि इतर अनेक जातींच्या इमारती लाकडाच्या वाहतुकीवर वनखात्याचं नियंत्रण असतं. लाकूड जुन्या घराचं आहे, मग गाडी कोण अडवणार, असं धरून चालू नका. घर उभं असतानाचे फोटो, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आणि लाकूड विकत घेतलं असेल तर पावती, एवढं घेऊन आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा आणि वाहतूक पास लागतो का ते विचारा. गाडी भरल्यावर ही धावपळ करू नये.

विकत घेताना हिशेब घनफुटाचा असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत मोजायची, तिन्ही आकडे गुणायचे आणि १४४ ने भागायचं. आठ फूट लांब आणि सहा बाय सहा इंचांचा खांब म्हणजे दोन घनफूट. वाळलेल्या सागाचा एक घनफूट साधारण १८ किलो भरतो, म्हणजे हा खांब छत्तीस-सदतीस किलोचा झाला. ऐनाचा तेवढाच खांब त्याहून बराच जड. कुजलेली टोकं मोजमापातून वगळायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

लाकडाची पारख

जुनं ते सगळं सागच असतं, असा समज आहे. विदर्भात आणि पैसेवाल्यांच्या वाड्यांत साग असतो, पण कोकणातल्या घरांत ऐन, किंजळ, फणस आणि माड भेटतो, तर देशावरच्या साध्या घरांत बाभूळ आणि कडुनिंब. जात ओळखणं महत्त्वाचं, कारण कामं त्यावर ठरतात. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण त्याच्या कडेची पांढरट लाकडाची पट्टी वाळवी आवडीने खाते. म्हणून बाहेरून खाल्लेला सागाचा खांब लगेच टाकून देऊ नका, वाकसाने तेवढी पट्टी तासली की आतला गाभा अनेकदा खणखणीत निघतो. आंब्याच्या लाकडाचं उलट आहे, ते आतपर्यंत जातं. माडाचा खांब बाहेरून कठीण आणि आतून मऊ असतो, म्हणून तो उभा चिरून फळ्या काढायच्या भानगडीत पडू नका, गोलच वापरा.

पारख करायला हातोडी आणि पेचकस पुरतात. खांब दोन दगडांवर आडवा ठेवून टोकापासून टोकापर्यंत हातोडीने ठोकत जा. जिथे आवाज बोदा येतो तिथे आत पोकळी आहे. मग पेचकसाचं टोक दाबून पाहा, विशेषतः खालच्या फूटभर भागात, तुळई बसते त्या खाचेत आणि जी बाजू मातीच्या भिंतीत होती तिथे. भिंतीत अर्धा बुजलेला खांब समोरून देखणा असतो आणि मागून पोखरलेला. असे खांब न फिरवता विकत घेऊ नयेत.

बारीक गोल भोकं आणि त्यांतून पडणारं पीठ म्हणजे भुंगा. भोकं जुनी असली तर घाबरायचं कारण नाही. खांब ब्रशने स्वच्छ झाडा, खाली काळा कागद अंथरा आणि दोन-तीन आठवडे वाट पाहा. कागदावर ताजं पीठ दिसलं तर भुंगा जिवंत आहे. मे महिन्याच्या उन्हात टाकला की मरेल, असं लोक सांगतात. पण जाड खांबाच्या गाभ्यापर्यंत तेवढी ऊब पोहोचत नाही आणि लाकडाला भेगा मात्र पडतात. त्यापेक्षा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण लावा. दहा लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून हातमोजे घालून ब्रशने दोन-तीन हात द्या आणि भोकांत सिरिंजने सोडा. मुलं आणि जनावरं तेवढा वेळ लांब ठेवा. हे द्रावण पावसाने धुऊन जातं, त्यामुळे छपराखालच्या खांबांनाच त्याचा उपयोग. उघड्यावरच्या खांबांना कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते लाकडाला चांगलं आहे, पण कातडीला लागलं तर फोड येतात, तेव्हा हात झाकूनच काम करा.

जुना तेलरंग लागलेला असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं आणि ते धुळीवाटे पोटात जातं. मुलांच्या बाबतीत तर हा धोका फार मोठा. रंग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा आणि निघालेलं सगळं गोळा करून बांधून ठेवा. कॉस्टिकने रंग पटकन निघतो, पण सागासारखं लाकूड त्याने काळवंडतं. पक्का रंग असलेला खांब उंचावर, हात न लागणाऱ्या जागी तसाच वापरणं कधीकधी जास्त शहाणपणाचं असतं.

आणि खिळे. जुन्या हातघडाईच्या खिळ्यांची डोकी गंजून लाकडात बुडालेली असतात. बंद पडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून खांबावरून फिरवला की ते सापडतात. हे केल्याशिवाय खांब आरा मशीनवर नेऊ नका. पातं तुटलं तर माणूस जखमी होतो. नव्याने खिळे मारताना साधं लोखंड टाळा. साग, ऐन, बाभूळ यांच्यातल्या रसाशी लोखंडाचा संबंध आला की काळे डाग उतरतात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

पाय कोरडा, डोकं झाकलेलं

लाकूड नुसत्या पाण्याने फारसं कुजत नाही, ते ओलावा आणि हवा एकत्र मिळतात तिथे कुजतं. ती जागा म्हणजे जमिनीची पातळी. मातीत पुरलेला खांब उपटून पाहा. सगळ्यात जास्त खाल्लेला भाग जमिनीच्या रेषेशी असतो. म्हणूनच आपल्या जुन्या सुतारांनी खांब कधी मातीत पुरला नाही. त्याखाली तळखडा दिला. शेतात खुंटाचं टोक भाजून किंवा डांबर लावून पुरतात, त्याने कुजणं थोडं लांबतं, पण तळखड्याची बरोबरी होत नाही.

तळखडा मिळाला नसेल तर सिमेंटच्या पायात १२ मिलिमीटरची सळई उभी ठेवा, खांबाच्या बुडाला तेवढं भोक पाडा आणि मध्ये जाड वॉशर टाकून खांब सिमेंटपासून इंचभर वर राहील असा बसवा. पायाचा माथा चारही बाजूंना उतरता ठेवा. खांबाच्या मापाची खोबण करून त्यात तो बसवण्याची हौस अनेकांना असते. पण त्या खोबणीत पाणी साठतं आणि खांब आयुष्यभर ओल्या पायाने उभा राहतो.

बुडाइतकंच डोकंही जपावं लागतं. लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी बाजूपेक्षा कितीतरी पट वेगाने आत शिरतं. उघड्यावरच्या खांबाचा माथा तिरका कापा आणि त्यावर जस्ताच्या पत्र्याची टोपी किंवा नळीचं कौल बसवा. बारीक दिसणारं हे काम खांबाचं आयुष्य ठरवतं.

कुठे काय शोभतं

सगळ्यात चांगलं काम म्हणजे ओटी किंवा पडवी. स्लॅबचं घर झालं तरी पुढच्या अंगाला आठ-दहा फुटांची कौलारू पडवी काढता येते. चार खांब, वर जुनीच तुळई, पुढे दोन-अडीच फुटांची वळचण. वळचण कमी ठेवलीत तर झडीचा पाऊस थेट खांबावर येतो. पश्चिमेकडे तोंड असेल तर ती जास्तच ठेवा. नक्षीचे किंवा सुरूच्या आकाराचे खांब हाती आले असतील तर त्यांची जागा हीच. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी सज्जात तसे खांब पाहायला मिळतात. १८०७ सालचा तो वाडा. अशा खांबांवर चकचकीत पॉलिश चढवू नका. कोरड्या ब्रशने झाडा, ओलसर फडक्याने पुसा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. रंगाच्या दुकानात ते बेलतेल म्हणून मिळतं. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

झोपाळ्यासाठी तुळई निवडताना तिची रुंद बाजू उभी येईल अशी घाला. चार बाय सहा इंचांची तुळई सहा इंच उभे ठेवून घातली तर आडवी घातल्यापेक्षा दीडपट भार घेते. तिच्यात जुनी खाच असेल तर ती मधोमध खालच्या अंगाला येऊ देऊ नका, कारण वाकताना ताण तिथेच पडतो. कड्यांसाठी भोकं पाडण्याऐवजी तुळईला वरून वेढणारे लोखंडी पट्टे करून घ्या. झोपाळ्यावर एका वेळी किती जण चढतील हे घरातल्या मुलांना विचारून ठरवा, आणि मग त्यात दोन मिळवा.

गोठ्याला जुने खांब उत्तम, पण त्यात तीन गोष्टी पाहा. जनावरं खांबाला मान घासतात आणि चाटतात, तेव्हा रंगाचा किंवा तेलाचा खांब तिथे नको. कडा रंध्याने गोल करा. आणि मूत्र लाकूड लवकर खातं, म्हणून गोठ्यात तळखडा नेहमीपेक्षा उंच, निदान दीड फूट घ्या. बांधायचा खुंटा म्हणून बाभळीचा तुकडा सागापेक्षा चांगला.

वाडीच्या वाटेवर फाटकासाठी खांब लावायचे असतील तर कोकणातलं बेडं आठवा. दोन खांब समोरासमोर उभे करायचे, त्यांना एकमेकांसमोर भोकं आणि त्यांतून आडवे सरकवलेले बांबू. जुन्या खांबात तुळई-कड्यांच्या खाचा तयारच असतात. दोन खांबांच्या खाचा एका उंचीवर येतील अशी जोडी शोधलीत तर पटाशीचं काम फार थोडं उरतं. गाय येऊ शकत नाही, माणूस बांबू सरकवून जातो, बिजागऱ्या गंजण्याचा प्रश्नच नाही.

वेलींच्या मांडवालाही याच खाचा उपयोगी. पडवळ, दोडकी, कारली यांचा मांडव दरवर्षी बदलतो, त्याला बांबूच पुरे. तोंडलीचा वेल मात्र वर्षानुवर्षं एका जागी राहतो. त्याखाली सागाचे किंवा किंजळीचे खांब घालणं योग्य. मांडवावर कायम दमटपणा असतो, तेव्हा पाय दगडावरच हवेत.

विहिरीकाठी किंवा मोरीशेजारी घडवंची करा. जुन्या तुळईचे दोन तुकडे बाजूंना, वर दोन-दोन बोटांच्या फटी ठेवून पट्ट्या. फटींतून गळणारं पाणी अळूच्या किंवा कर्दळीच्या वाफ्यात सोडता येतं. बाकासाठी पाच फुटांचा तुकडा आणि त्याला खाली खाच पाडून बसवलेले दोन ठोकळे एवढंच लागतं. सतरा इंच उंची बसायला बरी. घराखालच्या उतारावर मात्र लाकडी पायऱ्या करू नका. कोकणात जूनअखेर त्यांवर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. तिथे जांभ्याचे चिरेच हवेत.

पोकळ निघालेला खांब कापण्याआधी आत पाहा. कोकणातल्या जुन्या लाकडांत डंखहीन मधमाश्यांची वसाहत असते. मेण आणि राळेची बोटभर नळी बाहेर आलेली दिसली की ती ओळखावी. असा खांब रात्री तोंड जाळीने बंद करून, उभाच्या उभा हलवा आणि बागेत सावलीला ठेवा. परागीभवनाला याहून शांत मदतनीस मिळणार नाही. वसाहत नसेल तर पोकळ तुकड्याचं पक्ष्यांचं घर होतं. चिमणीला सव्वा इंचाचं भोक पुरतं, दयाळाला दोन इंचांच्या आसपास लागतं. आठ-दहा फुटांवर, मांजर चढणार नाही अशा भिंतीला लावा आणि तोंड पावसाच्या दिशेला ठेवू नका.

कुंपणाला जुने खांब वापरू नयेत. तारेचं कुंपण सिमेंटच्या खांबांवर स्वस्तात होतं आणि जिवंत कुंपण हवं असेल तर गिरिपुष्प, पांगारा, शेवगा यांच्या फांद्या रोवल्या की त्या फुटतात, शिवाय चारा, पाला आणि शेंगा देतात. सागाचा खांब मातीत गाडून त्यावर तार ठोकणं म्हणजे चांगलं लाकूड कुजायला देणं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भाजीच्या वाफ्याला किंवा बसायला वापरू नका; त्यांना क्रिओसोट पाजलेलं असतं, ते अंगाला आणि मातीला घातक आहे. इंजिनाचं जळकं ऑइल लाकडाला लावण्याची पद्धतही भाजीपाल्याजवळ बंद करावी.

शेवटी तुकडे उरतातच. सागाच्या हातभर तुकड्यांच्या खुंट्या, फळ्यांचे आधार, कोयत्याच्या मुठी होतात. खैर किंवा बाभळीचा सरळ तुकडा मिळाला तर मुसळ करून घ्या. बिनरंगी ढलप्या बंबात जातील. रंग लागलेले तुकडे मात्र चुलीत, बंबात किंवा होळीत टाकू नका. जळाल्यावर शिसं धुरात आणि राखेत उतरतं, आणि तीच राख पुढे आपण भाजीच्या वाफ्यात आणि भांडी घासायला वापरतो.